डुकराचं खत (शेतजमिनीतला वापर, मुलखामुलखातला फरक)

डुकराची विष्ठा, मूत आणि अंगाखाली टाकलेला काडीकचरा मिळून जे होतं ते डुकराचं खत. पाण्यासकट पातळ ठेवलं तर स्लरी, काडीत कुजवलं तर घट्ट खत. शेणखत नि लेंडीखत आपल्याकडे सगळ्यांना माहितीय, हे मात्र क्वचितच कोणी वापरतं, त्यामुळे नोंदीचा बराचसा भाग बाहेरच्या मुलखांचाच आहे.

हे खत चांगलं की वाईट हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. ग्रीक थिओफ्रास्टस (इ.स.पू. ४थं-३रं शतक) खतांची उतरंड सांगतो, त्यात माणसाचं पहिलं, लगेच डुकराचं, मग शेळी, मेंढी, बैल, आणि शेवटी ओझ्याची जनावरं. रोमन कोलुमेला (इ.स. १लं शतक) मात्र डुकराचं सगळ्यात वाईट म्हणतो, आणि त्याच शतकातला प्लिनी लिहितो की बाकीचे कौतुक करतात, नावं ठेवणारा एकटा कोलुमेलाच. पुढे युरोपातल्या शेतीच्या पुस्तकांनी ते ‘थंड’ खतात टाकलं, म्हणजे घोड्याच्या लिदीसारखं पटकन तापत नाही असलं. ओलं नि चिकट असल्याने ढिगात हवा खेळत नाही, एवढ्यापुरतं ते खरंय. पण ताकद बघितली तर पारडं थिओफ्रास्टसकडे झुकतं. ब्रिटनमधल्या कोष्टकांत ४ टक्के कोरडा अंश असलेल्या डुकराच्या स्लरीत घनमीटरमागे ३.६ किलो नत्र धरतात, गुरांच्या त्याहून दाट, ६ टक्केवाल्या स्लरीत २.६ किलोच, आणि डुकराच्या नत्रातला ७० टक्क्यांच्या आसपास भाग पिकाला लगेच लागू पडणारा, म्हणजे शेणखतापेक्षा युरियाचाच भाऊ. तोच भाग अमोनिया होऊन उडूनही जातो, वास येतो तो फुकट नाही. शिवाय डुक्कर काय खातं यावर सगळं अवलंबून, रानात ओकची फळं खाणारं रोमन डुक्कर आणि मका-सोयाबीनवरचं आजचं डुक्कर यांचं खत एक कसं असेल.

चीनबद्दल एक गोष्ट सारखी सांगितली जाते, की ‘घर’ या चिनी अक्षरात वर छप्पर आणि खाली डुक्कर आहे, म्हणजे डुकराशिवाय घर नाही. इतकं सरळ नाहीये ते. इ.स. १००च्या सुमाराला शू शनने केलेल्या कोशात खालचा भाग फक्त उच्चार दाखवायला घेतलाय असं म्हटलंय. छिंग काळातला (इ.स. १६४४ ते १९१२) टीकाकार दुआन यूत्साय म्हणतो की ते अक्षर मुळात डुकराच्याच घराचं, माणसाच्या घराला नंतर लागलं. कुठलंही मत घ्या, खताचा पुरावा त्यातनं निघत नाही. त्यासाठी दुसरं अक्षर जास्त कामाचं, चौकटीत कोंडलेलं डुक्कर, ज्याचा अर्थ डुकरवाडाही होतो आणि संडासही. हान काळातल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) थडग्यांत मातीची खेळण्याएवढी मॉडेलं सापडलीत, वर संडासाची खोली, खाली डुकरं. फान शंगच्चीच्या शेतीग्रंथात (बहुधा इ.स.पू. १ल्या शतकाचा शेवट) अशाच जागचं मुरलेलं खत अंबाडीसारख्या धाग्याच्या पिकाला घालायला सांगितलंय. १९५९मध्ये माओने डुक्कर म्हणजे छोटा सेंद्रिय खत कारखाना असं लिहिलं, ती याच परंपरेची सरकारी आवृत्ती.

कोरियाच्या जेजू बेटावर तर ही पद्धत जवळपास काल-परवापर्यंत होती. दगडी कुंपणाच्या डुकरवाड्यात सातूचा पेंढा टाकायचा, डुकरं तुडवतात, वर माणसाची विष्ठा पडते, मग ते उपसून ढीग घालायचा आणि सातूचं बी त्यातच कालवून शेतात न्यायचं. तिथली ज्वालामुखीची माती हलकी, तिला असं जड, दमट काहीतरी लागायचंच. ओकिनावातही डुक्कर-संडास होते.

युरोप-अमेरिकेत गणित उलटं, डुक्कर मांसासाठी आणि खत म्हणजे विल्हेवाटीचा प्रश्न. नेदरलँड्सने १९८४पासून डुकरांची वाढ रोखायला कायदे केले, युरोपच्या १९९१च्या नायट्रेट नियमाने जनावरांच्या खतातून येणाऱ्या नत्राला पाण्यात नायट्रेट उतरायचा धोका असलेल्या भागांत वर्षाला हेक्टरी १७० किलोची मर्यादा घातली. नत्राच्या हिशोबाने टाकलं तरी स्फुरद जास्त पडतं, कारण धान्यातलं स्फुरद ज्यात अडकलेलं असतं ते फायटेट डुकराला पचत नाही आणि स्फुरद मागून निघतं, म्हणून खाद्यात फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारं एन्झाइम, मिसळतात. जस्त-तांब्याचंही तसंच, मातीत साठत जातात. पिलांच्या हगवणीवर खाद्यातून द्यायचं औषधी झिंक ऑक्साइड (जस्ताचं संयुग) युरोपने २०२२मध्ये बंद केलं. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर येतात त्यामागे हाच नत्र. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेडखालच्या खोल खड्ड्यात साठवून कापणी झाल्यावर स्लरी जमिनीत टोचतात. तिथल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात उघड्या तळ्यात साठवून फवारतात, तिथे १९९५मध्ये एक तळं फुटून अडीच कोटी गॅलन घाण न्यू रिव्हरकडे गेली.

भारतात २०१९च्या पशुगणनेत साधारण ९० लाख डुकरं, सगळ्यात जास्त आसामात. ईशान्येकडे मत्स्यतळ्याच्या काठावर डुकरं ठेवतात, हेक्टरी ३०-४०, विष्ठा तळ्यात, तळ्याचा गाळ शेतात. जुन्या ग्रंथांपैकी सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात (१०वं-११वं शतक मानतात) कुणपजल आहे: डुकराची विष्ठा, मांस, रक्त पाण्यात घालून पुरून ठेवायचं, झाडांसाठी. आता ‘हर्बल कुणपजल’ही बनवतात, त्यात डुकराला जागाच नाही.

कच्चं खत पालेभाजीवर नको, गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, नीट तापवून कुजवलं की मरतात.

गोव्यात डुक्कर-संडास होते, पण हेतू सफाईचा, जेजूसारखं उपसून शेतात नेणं नाही. महाराष्ट्रातल्या गावांत डुकरं उकिरड्यावर मोकाट फिरतात, त्यामुळे विष्ठा एका जागी साठतच नाही, शिवाय विटाळाची भावना. रानात मेंढरं बसवायला धनगराला धान्य-पैसे देणारा शेतकरीही डुकराच्या खताला हात लावत नाही.