ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की म्हापशाचा घाऊक व्यापारी, अकाउंटिंगचं नवं सॉफ्टवेअर टाकायला आलेला माणूस आधी ॲडमिनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरचे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागतो. तो दिला जातो, काम होतं, आणि पासवर्ड बदलायचं राहून जातं. या सवयीमागे बराच जुना इतिहास आहे.

एकाच यंत्रावर अनेकजण काम करत, तेव्हापासून अधिकारांची वाटणी आहे. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळे अधिकार ‘रूट’ या खात्याकडे असत. १९७५मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी तत्त्व मांडलं : प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत.

आपल्याकडची छोटी ऑफिसं मात्र डॉस आणि विंडोज ९५-९८ या जुन्या सिस्टिमवर वाढली. तिथे ही वाटणी जवळपास नव्हतीच. प्रोग्राम डिस्कवर हवं तिथे फाइली लिहायचा. १९९३च्या विंडोज एनटीत ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा झाला, पण सगळे अधिकार गृहीत धरायची प्रोग्राम लिहिणाऱ्यांची सवय सुटली नाही. पुढे विंडोज व्हिस्टाने परवानगी विचारणारी खिडकी आणली, तर लोक वैतागून ती बंदच करू लागले. सर्व्हरवर मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन केलं, तर ती सहसा येतही नाही.

इन्स्टॉल करताना हे अधिकार खरोखर लागतात. ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहायचं, रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याचा) सामाईक भाग बदलायचा, सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) किंवा ड्रायव्हर बसवायचा, तर दुसरा मार्ग नाही. पण हे काम अर्ध्या तासाचं. नंतर तीच सर्व्हिस वर्षानुवर्षं ॲडमिनच्या खात्यावर चालू ठेवायची, सपोर्टवाल्याचं रिमोट लॉगिनही त्याच खात्याचं, याला माझ्या मते सोयीपलीकडे काहीच कारण नाही.

त्याची किंमत २०१७मध्ये दिसली. १ जुलैला जीएसटी लागू होणार म्हणून देशभर अकाउंटिंगची सॉफ्टवेअरं अपडेट होत होती. त्याच आठवड्यात, २७ जूनला, युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटच्या वाटेने नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम शिरला. एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनची ओळख (लॉगिनचे तपशील) उचलायची आणि तिच्या जोरावर पुढच्या मशीनमध्ये जायचं, ही त्याची एक रीत. त्यामुळे सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) टाकलेली मशीनंही वाचली नाहीत. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. मुंबईजवळच्या जेएनपीटी या बंदरातल्या टर्मिनलचं कामही अडलं.

सायबर सुरक्षेसाठीच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला कळल्यापासून ६ तासांत तिला कळवावा लागतो आणि १८० दिवसांचे लॉग (सिस्टिमवर काय घडलं त्याच्या नोंदी) जपावे लागतात. मालक, अकाउंटंट आणि सपोर्टवाला एकाच खात्याने येत असतील, तर त्या लॉगमध्ये सगळीकडे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ एवढंच दिसतं; कोणी काय केलं, ते शोधता येत नाही. म्हणून काही कंपन्या आता सॉफ्टवेअरवाल्याला स्वतःचं खातं देतात, त्या दिवसापुरतं चालू ठेवतात, आणि सर्व्हिससाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं उघडतात.