फोम लावला म्हणजे साउंडप्रूफ झालं? नाही हो

फ्लॅटमधली एक खोली रात्री बेडरूम, दिवसा स्टुडिओ करायचं ठरलं की पहिली ऑर्डर जाते काळ्या पिरॅमिड फोमची. का, तर "साउंडप्रूफ करतोय". हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. आवाज बाहेर जाऊ न देणं म्हणजे साउंडप्रूफिंग, खोलीच्या आत तो कसा घुमतो ते सुधारणं म्हणजे अकूस्टिक ट्रीटमेंट. शेजाऱ्यांच्या तक्रारीवर फोम लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ट्रीटमेंट बहुतेकांना कळते, त्यामुळे पटकन उरकतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की टणटण येते, गादी-पडदे-पुस्तकं आली की जाते. 1895 साली हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमधे आवाज साडेपाच सेकंद घुमायचा म्हणून वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने दुसऱ्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमाप केलं, या शास्त्राची सुरुवात तिथली. पण हॉलबाहेर काय ऐकू येतं हा त्याचा प्रश्नच नव्हता, हे लक्षात घ्या.

आता जिथे सगळे आपटतात ते. फोमचा तुकडा तोंडाला लावून फुंका. हवा आरपार जाते ना? आवाज म्हणजे हलणारी हवाच, ती फोमच्या बारीक भोकांत शिरते, घासते, तिची थोडी उष्णता होते आणि परत खोलीत येणारा आवाज कमी होतो. म्हणजे हवा आत शिरते म्हणूनच फोम शोषतो, आणि नेमकं त्याच कारणाने तो अडवू शकत नाही. टॉवेल अंग पुसतो, पाऊस थांबवत नाही. दोन इंची फोमचं वजन चौरस मीटरला जेमतेम दीड किलो, प्लास्टर केलेल्या चार इंची विटांच्या भिंतीचं दोनशे किलोच्या वर. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जास्तीत जास्त 6 डेसिबलचा फरक पडतो, मग एक टक्काही न वाढवणाऱ्या फोमने काय होणार? मी स्वतः हा शहाणपणा केलेला आहे, दोन भिंती भरून फोम चिकटवला, मित्राला आत बोलायला बसवलं आणि बाहेर पॅसेजमधे जाऊन उभा राहिलो, तर प्रत्येक शब्द ऐकू येत होता, उलट घुमणं गेल्याने जरा जास्तच स्पष्ट.

विकणारे यात तेल ओततात. पाकिटावर एनआरसी 0.8 लिहिलेलं असतं आणि सांगतात "80 टक्के आवाज बंद". एनआरसी हा शोषणाचा आकडा, तोही 250 ते 2000 हर्ट्झमधल्या चारच सुरांच्या उंचीवर मोजलेला (हर्ट्झ जितके कमी तितका आवाज खर्जातला). ढोल, बास त्याच्याही खाली, तिथलं यात काहीच कळत नाही. अडवण्याचा आकडा एसटीसी, तो विचारला की गप्प होतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांबद्दल तर मी बोलणारच नाही.

अडवायला तीन गोष्टी लागतात: वजन, फटी बुजवणं आणि दोन थरांमधली फारकत. यातली फट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दाराखाली एक सेंटीमीटरची फट असेल तर दार कितीही जाड बसवा, साधारण 23 डेसिबलच्या पुढे काही मिळत नाही. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. चौकटीला रबर गॅस्केट, खाली ड्रॉप सील (दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी), पोकळ फ्लश डोअरऐवजी भरीव दार, आणि एसीच्या पाइपचं भोक नीट बुजवा. फारकत म्हणजे नवी जिप्समची भिंत जुन्या भिंतीला टेकवायची नाही, मधे पोकळी ठेवून त्यात रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) भरायचं. विटांवर थेट स्क्रू मारून जिप्सम लावणारे बघितले की माझं डोकं फिरतं, पैसे गेले, खोली लहान झाली आणि फरक जवळपास शून्य. जमिनीवरही नवा थर किंवा खोलीत खोली करायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ते वजन स्लॅबला झेपायला हवं.

उलटा घोळही होतो. एकाने सगळं बंदिस्त केलं आणि मग म्हणतो खोली बूम बूम करते. करणारच, पूर्वी भिंतीतून निसटणारा बास आता आतच फिरतोय. 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब, तिला पातळ फोम दिसतही नाही, कोपऱ्यात जाड रॉकवूलच हवं.

म्हणून रिनोव्हेशनमधे क्रम महत्त्वाचा. साउंडप्रूफिंग हे बांधकाम आहे, ते वायरिंग आणि रंगाच्या आधी, तोडफोड चालू असतानाच. ट्रीटमेंट हे फर्निचर आहे, ते राहायला गेल्यावर सावकाश करा. आणि ते भिंतीला चिकटवू तर अजिबात नका. दहा सेंटीमीटर जाड रॉकवूल लाकडी फ्रेममधे, वर हवा जाईल असं कापड, खाली चाकं. माझे असे चार पॅनेल आहेत, रेकॉर्डिंगला माइकच्या मागे अर्धगोल लावतो, रात्री तेच पलंग आणि टेबलाच्या मधे पार्टिशन होतात. काढलेल्या फोमचे डाग मात्र भिंतीवर अजून आहेत, दोनदा रंग देऊनही जात नाहीत.