तिकिटाच्या कूपनांपासून सुरू झालेला धंदा

विमानाच्या कागदी तिकिटातली कूपनं आता फारशी कुणाला आठवणार नाहीत. प्रवासी तिकीट एका कंपनीकडून घ्यायचा, अर्धा प्रवास दुसरीच्या विमानाने करायचा, आणि मग कुणाच्या वाट्याला किती पैसे हे ठरवायला एकेक कूपन जुळवत बसावं लागायचं. काम रटाळ, पण चूक परवडणारी नव्हती. स्विसएअरने नव्वदच्या दशकातच असे हिशेब मुंबईत आणले. 1996 मध्ये ब्रिटिश एअरवेजने इथे स्वतःचं बॅक ऑफिस थाटलं, तीच पुढची डब्ल्यूएनएस कंपनी. बी.कॉम. झालेली, इंग्रजी जाणणारी मुलं मुंबईत हवी तेवढी होती आणि लंडनच्या मानाने त्यांचा पगार किरकोळ होता.

खरं तर याला आउटसोर्सिंग, म्हणजे बाहेरच्याला काम देणं, म्हणणंही चूक. काम सांगणारा आणि करणारा एकाच घरातला. धंद्याच्या भाषेत ‘कॅप्टिव्ह’. 2002 मध्ये वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक कंपनीने डब्ल्यूएनएसमधला मोठा हिस्सा घेतला आणि कालची मालकीण गिऱ्हाईक झाली. हुकमाच्या जागी करार आला, किती वेळात किती काम आणि किती चुका चालतील याची कलमं आली.

खरी कुरबुर बिलावरून असे. बिल माणसामागे, म्हणजे शंभर माणसं बसवली तर शंभरांचे पैसे. मग तेच काम ऐंशी जणांत उरकण्याची युक्ती पुरवठादाराला सापडली, तर तो ती गिऱ्हाइकाला कशाला सांगेल? म्हणून गिऱ्हाइकं दर व्यवहारामागे किंवा निकालावर पैसे देण्याचा आग्रह धरू लागली. पुरवठादार तयार झाले, पण मनापासून नव्हे.

2008 मध्ये आर्थिक संकट आलं आणि कॅप्टिव्ह विकायची रीघ लागली. विमा कंपनी अविवाने आपली केंद्रं डब्ल्यूएनएसला दिली. अमेरिकी बँक सिटीग्रुपचं भारतातलं बीपीओ, म्हणजे असंच बॅक ऑफिस, टीसीएसने 50.5 कोटी डॉलरना घेतलं, आणि सोबत साडेनऊ वर्षांत 250 कोटी डॉलरच्या कामाचा करारही. माझ्या मते खरेदी ऑफिसांची नव्हतीच, होती ती या हमीची.

आता परदेशी बँका आणि विमा कंपन्या पुण्यात, हैदराबादेत पुन्हा स्वतःची केंद्रं उघडताहेत. फक्त कॅप्टिव्ह हा शब्द जाऊन ‘जीसीसी’ (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) आला आहे. डब्ल्यूएनएस 2025 मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने 330 कोटी डॉलरना विकत घेतली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं बॅक ऑफिस उभं करण्यासाठी.