टायटॅनिक दुर्घटना : प्रवासाचा वर्ग आणि जीव वाचण्याची शक्यता

उत्तर अटलांटिक महासागरात १५ एप्रिल १९१२ रोजी पहाटे २ वाजून २० मिनिटांनी टायटॅनिक हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडाले. त्यावरचे कोण वाचले आणि कोण नाही, हे बऱ्याच अंशी तिकिटाच्या वर्गावर ठरले. आपत्तीत सामाजिक विषमता कशी काम करते, हे दाखवताना समाजशास्त्रात आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात हे उदाहरण वारंवार दिले जाते. मात्र गरिबांना कुलपात कोंडून श्रीमंत पळाले, ही लोकांच्या मनात बसलेली गोष्ट आकड्यांशी अर्धीच जुळते.

ब्रिटिश चौकशीने जहाजावर २,२०१ माणसे धरली. त्यांपैकी ७११ वाचली. नंतरच्या संशोधकांच्या याद्यांत हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण चित्र तेच राहते. पहिल्या वर्गातील ३२५ पैकी २०३, दुसऱ्यातील २८५ पैकी ११८ आणि तिसऱ्यातील ७०६ पैकी १७८ जण वाचले, म्हणजे अनुक्रमे सुमारे ६२, ४१ आणि २५ टक्के. ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२ जण परतले.

स्त्रिया आणि मुले वेगळी काढली की दरी अधिक ठळक होते. पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, तर तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. दुसऱ्या वर्गातली सर्व २४ मुले वाचली. पहिल्या वर्गात मुले मोजकीच होती. त्यांतली दोन वर्षांची एक मुलगी बुडाली, पण अहवालाने तिलाही वाचलेल्यांत मोजले. तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी ५२ मेली. ‘आधी बायका-मुले’ हा नियम त्या रात्री खरोखर पाळला गेला. तो जहाजाच्या वरच्या मजल्यांपर्यंतच नीट पोचला, इतकेच.

पुरुषांचा हिशेब निराळा आहे. पहिल्या वर्गातले १७५ पैकी ५७ पुरुष वाचले, तिसऱ्यातले ४६२ पैकी ७५, आणि दुसऱ्यातले १६८ पैकी फक्त १४. सर्वांत कमी वाचले ते मधले. मध्यमवर्ग शिस्त पाळत उभा राहिला म्हणून असे झाले, असा खुलासा अनेकदा दिला जातो. तो पटण्यासारखा आहे, सिद्ध करता येण्यासारखा नाही. जीवनौका भरून उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांमधला फरकही लक्षात घ्यावा लागतो. डाव्या बाजूला दुय्यम अधिकारी लाइटोलर यांनी आज्ञेचा अर्थ ‘फक्त बायका-मुले’ असा घेतला. त्या काळच्या अतिश्रीमंतांत गणल्या जाणाऱ्या जॉन जेकब ॲस्टर यांनी गरोदर पत्नीसोबत नौकेत बसू देण्याची विनंती केली, तीही लाइटोलर यांनी नाकारली. उजव्या बाजूला पहिले अधिकारी मर्डोक जवळपास बाई दिसत नसेल तर पुरुषांना बसू देत. पुरुष कोणत्या कठड्याशी उभा आहे, यावर त्याचे आयुष्य ठरत होते.

खरा भेद जहाजाच्या रचनेत होता. सगळ्या २० जीवनौका सर्वांत वरच्या बोट डेकवर होत्या, आणि तो डेक पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या फिरण्याच्या जागेचा भाग होता. तिसऱ्या वर्गाच्या वावराच्या उघड्या जागा मागच्या टोकाला, खालच्या पातळीवर होत्या. तिथे एकही नौका नव्हती. एकट्या पुरुषांच्या खोल्या जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, तर एकट्या स्त्रिया व कुटुंबे यांच्या खोल्या मागच्या टोकाला होत्या. हिमनगाचा तडाखा पुढच्या भागाला बसल्यामुळे पाणी आधी या पुरुषांच्या पायांशी आले. ते सामान उचलून ‘स्कॉटलंड रोड’ असे टोपणनाव पडलेल्या लांब बोळातून मागे सरकले. म्हणजे धोका सर्वांत आधी त्यांनाच कळला, पण तिथून नौकांकडे जाणारी वाट त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांच्यात स्वीडिश, फिनिश, सिरियन, बल्गेरियन असे कितीतरी लोक होते. इंग्रजी पाट्या आणि इंग्रजी हुकूम त्यांच्या कामाचे नव्हते.

फाटकांचा मुद्दा इथे येतो. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याप्रमाणे, साथरोग पसरू नयेत म्हणून, तिसऱ्या वर्गातील प्रवाशांना इतरांपासून वेगळे ठेवावे लागे. अडसर होते ते त्यासाठी. डॅनियल बकली या आयरिश तरुणाने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की एका खलाशाने वर येणाऱ्याला ढकलून छोटे फाटक बंद केले, आणि लोकांनी ते फोडले. ओलाउस ॲबेलसेथ याने मागच्या डेकवरून मालाच्या क्रेनच्या दांड्यावरून सरपटत वर जाणारे लोक पाहिले. तिसऱ्या वर्गाला कोंडून ठेवा, असा हुकूम कोणी दिल्याचा पुरावा मात्र नाही. हुकमाची गरजही नव्हती. कोणी वेगळे काही ठरवले नाही तर रोजची व्यवस्था आपोआप तशीच चालू राहणार होती.

पहिल्या वर्गातल्या स्टुअर्डकडे, म्हणजे प्रवाशांची देखभाल करणाऱ्या सेवकाकडे, मोजक्या केबिन असत. तो दार ठोठावून माणसाला उठवी आणि जीवरक्षक पट्टा बांधून देई. तिसऱ्या वर्गात ही सोय नव्हती. तिथला स्टुअर्ड जॉन हार्ट याने स्वतःच्या साक्षीत सांगितले, की बायका-मुलांना वर पाठवण्याचा निरोप त्याला साधारण साडेबाराला मिळाला. त्याने दोन खेपांत पन्नासेक जणांना वर पोचवले. दुसऱ्या खेपेनंतर त्याला १५ क्रमांकाच्या नौकेतच बसवण्यात आले. दरम्यान पहिली नौका पाऊण वाजण्याच्या सुमारास निघून गेली होती. तीत ६५ जणांची जागा आणि निम्म्याहून कमी माणसे होती. ४० जणांची १ क्रमांकाची नौका तर १२ जणांना घेऊन उतरली, त्यांतले ७ कर्मचारी. लोक जहाज सोडायला तयार नव्हते त्या वेळच्या या रिकाम्या जागा, आणि त्या वेळी बोट डेकवर होते ते वरच्या वर्गांचे प्रवासी. सर्व नौका भरल्या असत्या तरी १,१७८ जणच मावले असते. जुना ब्रिटिश नियम १०,००० टनांपुढे नौकांची संख्या वाढवतच नव्हता आणि टायटॅनिक ४६,००० टनांवर होते.

या याद्यांत भारतातून निघालेली माणसेही आहेत. मध्य प्रांतातील जांजगीर येथे काम करणारी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची अमेरिकन मिशनरी ॲनी फंक मुंबईहून बोटीने निघाली होती. दुसऱ्या वर्गातील बुडालेल्या १३ स्त्रियांपैकी ती एक. त्याच वर्गातून प्रवास करणाऱ्या, गुंटूरहून निघालेल्या नेली बेकर आणि त्यांची तिन्ही मुले वाचली.

लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश चौकशीत तिसऱ्या वर्गाच्या वतीने हार्बिन्सन नावाचे वकील उभे होते, पण त्या वर्गातला वाचलेला एकही प्रवासी साक्षीला बोलावला गेला नाही. भेदभाव झाला नाही, असा निष्कर्ष निघाला. जहाज सोडण्याची नाखुशी, सामानाचा मोह आणि राहण्याच्या जागा टोकांना असणे ही कारणे देण्यात आली. यातले शेवटचे कारण म्हणजे भेदभावाचेच वर्णन आहे, हे अहवालाला जाणवलेले दिसत नाही. अमेरिकन समितीने निदान तिसऱ्या वर्गातील तिघांचे ऐकून घेतले.

वर्ग मृत्यूनंतरही सुटला नाही. हॅलिफॅक्सहून गेलेल्या मॅके-बेनेट या समुद्राखालच्या तारा टाकणाऱ्या जहाजाला ३०६ मृतदेह मिळाले. त्यांपैकी ११६ समुद्रातच सोडावे लागले, आणि त्यांत प्रामुख्याने तिसऱ्या वर्गातील प्रवासी व कर्मचारी होते. पहिल्या वर्गातल्या मृतांना शवपेट्या मिळाल्या, खालच्या वर्गांना कॅनव्हासच्या पिशव्या. तिसऱ्या वर्गातील आठ चिनी प्रवाशांपैकी सहा वाचले, तर त्यांना चिनी लोकांचा प्रवेश रोखणाऱ्या अमेरिकन चिनीबंदी कायद्यामुळे न्यूयॉर्कमध्ये राहू न देता दुसऱ्या जहाजावर पाठवून देण्यात आले.

ही वर्गवारी प्रत्येक दुर्घटनेत दिसते असे नाही. १९१५ साली पाणतीराने बुडवलेले लुसिटानिया हे प्रवासी जहाज १८ मिनिटांत गेले, आणि तिथे वर्गाचा फायदा जवळजवळ दिसत नाही. टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली होती. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ एलिंडर आणि एरिक्सन यांनी २०१२ मध्ये १८ जहाजदुर्घटनांची तुलना प्रसिद्ध केली. तीत स्त्रियांचे वाचण्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे निम्मेच आढळले, आणि प्रवाशांपेक्षा कर्मचारी अधिक वाचल्याचे दिसले. टायटॅनिकवर स्त्रियांना मिळालेले प्राधान्य त्यांच्या मते समुद्रावरची रीत नसून कप्तानाच्या हुकमाचा परिणाम होता.