थेरपीची रांग वेगळी, दाखल्याची वेगळी: कोल्हापुरातील विशेष गरजा असलेल्या किशोरांच्या पालकांसाठी

थेरपी किंवा समुपदेशन सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. बरेच पालक प्रमाणपत्र हातात येण्याची वाट बघत बसतात आणि मुलाचं वर्ष फुकट जातं. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा मुलाचं नाव वर्गशिक्षकांकडून नोंदवून घ्या. पथक पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देतं. या योजनेची वयोमर्यादा 18 आहे, म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांनी टाळाटाळ करू नये. 10 ते 19 वयोगटाला सरकारी मैत्री क्लिनिकमध्ये मोफत समुपदेशन मिळतं. समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकाची मदत हवी असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्जावर पोच घ्याच.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर एकत्रच होतो. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि चालू मोबाइल नंबर लागतो. आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळतं का, ते आधी बघा. वडिलांच्या नावात एक काना कमी-जास्त असला तरी पुढे अडतं. नंतर अर्जाची प्रिंट आणि जुने रिपोर्ट घेऊन पोर्टलवर निवडलेल्या रुग्णालयात जायचं. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, निवडलं असेल तर मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रकाराची तपासणी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. चंदगड, आजऱ्याहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो.

अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचं, गणित निराळं आहे. हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच मिळतं आणि 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणजे चौथीत काढलेला कागद दहावीला चालेल या भरवशावर राहू नका, आठवी-नववीतच कामाला लागा. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक चाचणी, त्यानंतर वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. सोबत प्रगतिपत्रकं आणि मुलाच्या वह्या न्या, त्याही नीटनेटक्या निवडून नकोत. फळ्यावरून उतरवलेलं पान स्वच्छ आणि शुद्धलेखनाच्या पानावर वेलांट्या गायब, जोडाक्षरं तुटलेली, हा फरक तपासणाऱ्याला बरंच सांगून जातो.

थेरपीच्या खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंत. पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना लागू आहे. अध्ययन अक्षमता त्यात बसत नाही, हे खटकतंच. पात्र असाल तर प्रमाणपत्र, आधार आणि बँक पासबुक लागेल. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना नोंदणी शुल्क कमी असल्याने तो पुरावाही जोडा. थेरपीची प्रत्येक पावती जपून ठेवा.

दहावी-बारावीच्या सवलती मात्र कार्ड आहे म्हणून आपोआप मिळत नाहीत. शाळेने कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यात तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मागता येतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, आणि तो ऐनवेळी मिळत नाही. परीक्षेच्या काळात मूल फारच घाबरलं, झोप उडाली, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं आणि एकही कागद लागत नाही.