नाटकाची रंगभूषा आणि सिनेमाची रंगभूषा: फरक कमी-जास्तचा नाही

एकांकिका स्पर्धा गाजवून आलेली मुलं पहिली शॉर्टफिल्म करायला घेतात तेव्हा मेकअपची पेटी तीच असते आणि हातही तेच. म्हाताऱ्याच्या कपाळावर तपकिरी पेन्सिलीने तीन रेघा, डोळ्यांखाली सावली, कानशिलांवर पांढरा रंग. नाट्यगृहात दहाव्या रांगेतून हे अगदी पटतं. मॉनिटरवर मात्र पंचविशीतला मुलगा वेगळा दिसतो आणि त्याच्या कपाळावरच्या तीन रेघा वेगळ्या. मग कोणीतरी म्हणतं, "मेकअप जरा कमी कर." सगळा घोळ या "कमी कर"मध्ये आहे. रेघ फिकट केली तरी ती रेघच राहते.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा केली, पुढे छोट्या फिल्म्सची. सुरुवातीला मलाही वाटायचं की दोन्हीकडे काम एकच, फक्त एकीकडे गडद आणि दुसरीकडे हलक्या हाताने. तसं नाही.

नाटकाचा प्रेक्षक खुर्ची सोडून जवळ येत नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात पहिल्या रांगेतल्यालाही तोच चेहरा दिसायला हवा आणि बाल्कनीतल्यालाही. त्यात समोरून येणारा प्रखर उजेड चेहऱ्यावरचे चढउतार पुसून टाकतो. म्हणून नाकाची कड, गालफडं, भुवया पुन्हा रंगवून काढाव्या लागतात. ही सरळसरळ चित्रकला आहे: सपाट पडलेल्या चेहऱ्यावर उजेड-सावली काढून खोलगटपणा भासवायचा.

सिनेमात उजेड-सावली कॅमेरामनच्या दिव्यांनी पडते. नटाने मान वळवली की खरी सावली सरकते, रंगवलेली जागच्या जागी राहते, आणि क्लोजअपमध्ये ते लगेच उघडं पडतं. म्हणून तिथे सुरकुती काढत नाहीत, घडवतात. एकाने डोळ्याजवळची कातडी दोन बोटांनी ताणून धरायची, दुसऱ्याने स्पंजने पातळ लॅटेक्सचा (द्रव रबराचा) थर द्यायचा, ड्रायरने वाळवायचा, वर पावडर टिपायची आणि मग कातडी सोडायची. ती सैल पडताना थराला बारीक चुण्या पडतात. नट हसला की त्या खोल होतात, गप्प झाला की निवतात. पहिल्यांदा हे समोर घडताना पाहिलं तेव्हा मी ड्रायर हातात धरून नुसता बघत राहिलो होतो.

दाढीमिशीचंही तसंच. नाटकात क्रेपचे नकली केस स्पिरिट गमने (कातडीवर चिकटणाऱ्या गोंदाने) डकवले की भागतं. कॅमेऱ्यासाठी तलम जाळीवर एकेक केस ओवलेली दाढी लागते आणि जाळीची कड कातडीत मिसळून जावी लागते. हल्लीच्या कॅमेऱ्यांना तीही दिसते, म्हणून सवड असेल तर नटाला खरी दाढी वाढवायला सांगणं उत्तम.

दोन्ही कलांची फारकत फार जुनी आहे. मूकपटांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. ओठांची लाली पडद्यावर काळी उमटायची आणि तांबूस कातडी डागाळलेली दिसायची. रंगभूमीवरचा जाड रंग जवळून भेगाळलेला दिसे, म्हणून रंगभूषाकार मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये खास सिनेमासाठी पातळ ग्रीजपेंट (तेलकट रंग) तयार केला. आपल्या रंगपटात आज सहज मागितला जाणारा पॅनकेकही (ओल्या स्पंजने चेहऱ्याला लावायचा रंग) १९३०च्या दशकाच्या अखेरीस टेक्निकलर, म्हणजे रंगीत, सिनेमासाठीच निघाला. सिनेमाची वस्तू रंगभूमीने अशी आपलीशी केली, पण म्हणून कामं एक झाली नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांचं. पण आधी त्यांच्या अगोदरचा एक चित्रपट. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि प्रेक्षकांनी त्या स्वीकारल्या. त्या काळात कॅमेरा बहुतेक वेळ प्रेक्षकासारखाच लांब उभा असायचा. पुढच्या वीस वर्षांत तो जवळ सरकला. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, म्हणजे पुरुष भूमिकेत आले. १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त मात्र ते मीरा झाले. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास होतं. ज्यांचं साडी नेसणं, गजरा माळणं पाहून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या होत्या, त्यांची मीरा पडद्यावर चालली नाही. कारणं एकाहून अधिक असतील, नाटकच उचलून चित्रित केल्यासारखा तो चित्रपट होता हेही एक. पण मला यात रंगभूषेचा मोठा भाग दिसतो. रंगमंचावर प्रेक्षक आणि नट यांच्यातलं अंतर हीसुद्धा रंगभूषाच असते. रंगाने जे अर्धं केलेलं असतं ते प्रेक्षक मनाने पुरं करतो. कॅमेरा ते अंतर काढून घेतो. बालगंधर्वांच्या कलेत उणं काही नव्हतं, ती ज्या अंतरासाठी घडली होती ते तिथे नव्हतं.

कपड्यांकडे वळलं की फरक आणखी मजेदार होतो. नाटकात गरिबी दाखवायची तर ड्रेपरीतून (नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून) आणलेल्या साडीला विटक्या रंगाचं मोठं ठिगळ लावलं जातं, आणि ते बरोबरच आहे, कारण ते शेवटच्या रांगेला वाचता यायला हवं. सिनेमात तेच ठिगळ ओरडतं. तिथे साडी धुऊन धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून, वाळूकागदाने घासून जुनी करतात. झीज कुठे पडणार हे माणसाच्या दिवसावरून ठरतं. टेबलावर लिहिणाऱ्या कारकुनाची उजवी बाही आधी विरते. सायकलवरून जाणाऱ्याच्या पँटच्या उजव्या पायाला चेनचं काळं तेल लागतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पदराला जिथे ती हात पुसते त्याच कोपऱ्यावर हळद असते, सगळ्या पदरावर नाही. हे प्रेक्षकाला मुद्दाम दाखवायचं नसतं. कॅमेरा ओझरता जातो आणि बाई खरी वाटते, एवढंच.

हातातल्या वस्तूंबद्दल थोडक्यात: नाटकातलं पत्र कोरं असलं तरी चालतं, नट ते पाठ म्हणतो. सिनेमात पत्र खरंखुरं लिहिलेलं हवं, आणि लिहिणाऱ्या पात्राच्या अक्षरात. शाळा सोडून शेतावर गेलेल्या माणसाचं पत्र कला विभागातल्या कोणीतरी वळणदार अक्षरात लिहून आणलं, तर ते पात्र तिथेच मोडतं.

ज्याकडे नवख्यांचं लक्ष सर्वांत कमी जातं तो फरक क्रमाचा. नाटक पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत सरळ चालतं. नट रात्रभरात थकतो, घाम फुटतो, गजरा कोमेजतो, आणि सगळं पात्राच्या बरोबरीने घडतं. सिनेमात सकाळी म्हातारपण शूट होतं आणि दुपारी लग्न. कालपासून आजपर्यंत पात्राचं काय झालं हे नटाच्या अंगात राहतंच असं नाही. ते कपड्यांना आणि चेहऱ्याला लक्षात ठेवावं लागतं: दाढी किती दिवसांची, जखमेची खपली कोणत्या टप्प्यावर, शर्टाचं तिसरं बटण कधी तुटलं. म्हणून कंटिन्युइटीचे, म्हणजे दृश्यादृश्यांतलं सातत्य राखण्याचे, फोटो आणि वही जिवापाड जपायची. ज्यांचा पोशाखच त्यांच्या आयुष्याचा आलेख आहे अशा माणसावर चित्रपट असेल, तर हे काम किती कठीण होतं याची कल्पना करा. सूटबूट घालणारे बॅरिस्टर गांधी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंच्यावर आले. त्यांच्यावरच्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. भारताचं ते पहिलं ऑस्कर, आणि ते वेशभूषेचं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्या एका फिल्ममध्ये तिशीतला मित्र निवृत्त कारकून होता. मी सवयीने त्याचे केस पांढरे केले. मॉनिटरवर ते पिठासारखे दिसले. लॅटेक्ससाठी ना वेळ होता ना पैसे. शेवटी सगळा रंग धुऊन काढला. फक्त भुवयांमधले आठ-दहा केस पांढरे ठेवले, दाढी दोन दिवस करू दिली नाही आणि बॅकलाइट (मागून पडणारा उजेड) थोडा वाढवून घेतला. त्याच्या काकांचा खरा शर्ट आणला. त्याच्या खिशाच्या तळाशी शाईचा जुना निळा डाग होता, धुऊन धुऊन फिकट झालेला. टेक सुरू झाला आणि मित्राने कोणी न सांगता हात खिशाकडे नेला, पेन चाचपलं. पेन तिथे नव्हतं. त्याने हात खाली घेतला. संकलनात आम्ही ते तसंच ठेवलं.