घरी चार्जर नाही? मग एसी आणि डीसी वेगळे ओळखा

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचं कुठलंही ॲप उघडा. नकाशावर एका ठिकाणी २२ किलोवॅट लिहिलेलं दिसतं, पलीकडच्या चौकात ३०. वाटतं, दोन्ही साधारण सारखेच, दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे. आता ३.३ किलोवॅटचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीच्या आतच बसवलेला, चार्जर असलेली टियागो ईव्ही दोन्हीकडे लावून बघा. २४ युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० वर न्यायची आहे. ३० वाल्या ठिकाणी हे काम तासाच्या आत उरकतं. २२ वाल्या ठिकाणी जवळजवळ पाच तास लागतात. २२ वाला पॉइंट एसी आहे, ३० वाला डीसी, आणि त्यांच्यावरचे आकडे एकाच मापाने वाचायचे नसतात.

ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचा पॉइंट आहे त्याला हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. रात्री चार्जिंगची गन लावायची, सकाळी काढायची. पण गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, किंवा सोसायटी एनओसीवर वर्षभर नुसती ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ म्हणत असेल, तर तुमचा सगळा महिना या फरकावर चालणार आहे.

मुळात गोष्ट सोपी आहे. आपल्याकडे येणारी वीज एसी, बॅटरीत साठते ती डीसी. रूपांतर कुठेतरी करावंच लागतं. एसी पॉइंटवर ते गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा डबा, ज्याला आपण सर्रास चार्जर म्हणतो, तो जेमतेम एक मीटर आणि सुरक्षिततेची सोय असलेला स्विच असतो. म्हणूनच तो गप्प असतो. डीसी स्टेशनवर रूपांतर बाहेरच्या कपाटाएवढ्या मशीनमध्ये होतं. त्याचे पंखे घोंघावतात, केबल एका हाताने उचलवत नाही, आणि वीज ऑनबोर्ड चार्जरला बाजूला ठेवून थेट बॅटरीत जाते.

गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडलं की हे डोळ्यांना दिसतं. वर सात छिद्रांचा गोलसर टाइप-टू सॉकेट, त्याच्याखाली दोन जाड छिद्रं, बहुतेक गाड्यांत वेगळ्या टोपणाखाली झाकलेली. एसीची गन फक्त वरच्या भागात बसते. डीसीची सीसीएस-टू गन दोन्ही भाग व्यापते, पण तिचा वरचा भाग नीट बघा: तिथे गाडीशी बोलणी करणाऱ्या दोन पिना आणि अर्थिंग, एवढंच. सगळा करंट खालच्या दोन जाड पिनांतून जातो. आपल्या गाडीला खालची छिद्रंच नसतील तर शहरातला कितीही मोठा डीसी चार्जर आपल्या कामाचा नाही. एमजी कॉमेटचं हेच आहे. तिच्या ‘एफसी’ प्रकारातलं फास्ट चार्जिंग म्हणजे ७.४ किलोवॅटचं एसी. डीसीची सोय तिला नाही. घरी पॉइंट नसलेल्या माणसाने हे शोरूममध्ये विचारून घ्यावं. सेल्समन आपणहून सांगेलच असं नाही.

आता आकडे. एसी पॉइंटवरचा २२ हा आकडा थ्री-फेजचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा ऑनबोर्ड चार्जर सिंगल-फेज असतो, तो त्यातला एकच फेज घेतो: २३० व्होल्ट, ३२ अँपिअर, म्हणजे सात-सव्वासात किलोवॅट. क्रेटा इलेक्ट्रिकसारख्या काही गाड्या ११ पर्यंत जातात. तेव्हा एसी पॉइंटवरचा आकडा सोडा, गाडीच्या ब्रोशरमधला ऑनबोर्ड चार्जरचा आकडा बघा. ज्या गाडीत ३.३ आणि ७.२ असे दोन पर्याय मिळतात, तिथे घरी पॉइंट नसलेल्याने ७.२ वरचे पैसे वाचवू नयेत. सनरूफचे वाचवा.

डीसीचा आकडाही पूर्ण मिळेलच असं नाही. टियागोला १२० किलोवॅटच्या मशीनला लावलं तरी ती आपल्या मगदुराप्रमाणेच घेणार. ६० च्या मशीनला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी येऊन लागली, तर बऱ्याचदा दोघांत वाटणी होते. शिवाय ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम उतरवला जातो, नाहीतर बॅटरीच्या सेलवर ताण येतो. म्हणून कंपन्या वेळ १० ते ८० टक्क्यांचा सांगतात. डीसीवर १०० टक्क्यांची वाट बघत बसणारा स्वतःचा वेळ घालवतो आणि मागच्याच्या शिव्या खातो.

खर्चाचं म्हणाल तर सार्वजनिक डीसीचा दर १८ टक्के जीएसटी धरून साधारण वीस ते पंचवीस रुपये युनिट पडतो. नेक्सॉनच्या आकाराची गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर गेली तर महिन्याच्या हजार किलोमीटरला सुमारे १५४ युनिट, म्हणजे तीन ते पावणेचार हजार रुपये. पेट्रोलला साडेसहा-सात हजार लागले असते, हे खरं. पण सीएनजीवालाही साडेतीन-चार हजारांत भागवतो. फक्त डीसीवर जगणार असाल तर ईव्हीची स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते. जगता येत नाही असं मात्र नाही. ४५ युनिटची बॅटरी आणि रोजचे ४० किलोमीटर असतील तर चार-पाच दिवसांतून एकदा पाऊण-एक तास काढावा लागेल. एक पथ्य पाळायचं: अधूनमधून एसीवर सावकाश १०० टक्के भरायची, विशेषतः एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर. त्याशिवाय बॅटरीची यंत्रणा सेलचा हिशेब नीट लावू शकत नाही आणि स्क्रीनवरचे टक्के भरवशाचे राहत नाहीत. किती दिवसांनी, ते मॅन्युअलमध्ये असतं.

माझ्या मते घरी पॉइंट नसलेला माणूस चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो विचारतो, जवळचा फास्ट चार्जर कुठे आहे? त्याने विचारायला हवं, माझी गाडी कुठे तासन्‌तास नुसती उभी असते? मॉलमध्ये सिनेमा आणि जेवण मिळून तीन तास जातात, ७.२ च्या एसीवर तेवढ्यात वीसएक युनिट येतात, म्हणजे ४५ युनिटच्या नेक्सॉनची जवळजवळ अर्धी बॅटरी. डीसी ठेवावा पुणे-नाशिकसारख्या प्रवासाला आणि अडीअडचणीला.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन सोडणाऱ्यांसाठी एक वाक्य: गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी तेवढाच करंट सलग आठ तास ओढते, आणि बाजारातल्या बारीक वायरच्या एक्स्टेंशनला ते झेपत नाही.

ऑफिसच्या ॲडमिनकडे मात्र जरूर जा. ‘फास्ट चार्जर बसवा’ म्हणालात तर प्रकरण लोड वाढवण्यावर आणि बजेटवर अडकेल. १५ अँपिअरचा एक पक्का प्लग, नीट अर्थिंग आणि वेगळा सब-मीटर एवढंच मागा. गाडी नऊ तास उभी असते. तीन किलोवॅटने, तूट वजा जाता, २४ युनिट येतात. दीडशे किलोमीटर झाले. रोज ४० किलोमीटरवाल्याला तो प्लग आठवड्यातून दोनदा मिळाला तरी पुरतो, म्हणजे एकाच प्लगवर ऑफिसातल्या दोघांची सोय होते.